महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळायचे आहे? सातारा-सांगलीच्या नवोदित खेळाडूंसाठी मार्गदर्शक

मिरजेत बारावी करून पदवीसाठी मी साताऱ्याला गेले, तेव्हा मला ड्रिबल येत होते, ले-अप येत होता आणि शाळेच्या संघाचे कर्णधारपदही गाठीशी होते. परंतु महाविद्यालयीन खेळाडूची वाट जिमखान्यातल्या कोणत्या टेबलापासून सुरू होते आणि कोणत्या कागदापाशी अडते, हे सांगणारे कोणी भेटले नाही. त्यामुळे पहिले वर्ष नुसत्या सरावात गेले. पुढच्या चार वर्षांत पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोनदा खेळले आणि एकदा घोटा दुखावल्यामुळे शिबिरातूनच परतले. आता सांगलीत संध्याकाळी मुलींना शिकवताना दर जुलैत तेच प्रश्न पुन्हा कानावर येतात, म्हणून त्यांची उत्तरे क्रमाने लिहून काढली आहेत. पदवीची तीन-चार वर्षे आणि पुढे शिकलात तर आणखी दोन, एवढाच हा काळ असतो आणि त्यातला एक हंगाम अज्ञानात घालवणे परवडत नाही.

१. आपले महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचे, हे आधी पक्के करा

हा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो, पण सगळा पुढचा मार्ग त्यावर ठरतो. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये १९६२ साली स्थापन झालेल्या, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, पण सगळी नाहीत. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत. काही अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे आहेत, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, आणि कराडचे कृष्णा हे स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. म्हणजे एकाच मैदानावर सकाळी एकत्र खेळणाऱ्या चार मैत्रिणी स्पर्धेच्या वेळी चार वेगळ्या विद्यापीठांच्या खेळाडू असू शकतात.

याचा व्यावहारिक परिणाम असा की, मोठ्या विद्यापीठात निवडीची चुरस अधिक असते, पण संघाला सराव शिबिर आणि अनुभवी मार्गदर्शक मिळण्याची शक्यताही अधिक असते. लहान विद्यापीठात संघात स्थान लवकर मिळते, मात्र सरावासाठी तुल्यबळ प्रतिस्पर्धी स्वतःच शोधावे लागतात. प्रवेश घेण्यापूर्वीच हा विचार करता आला तर फार बरे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे की, महाविद्यालयाच्या आवारात शिकत असलात तरी तुम्ही अद्याप विद्यापीठाचे खेळाडू नाही. तुमच्या स्पर्धा शालेय क्रीडा स्पर्धांच्या १९ वर्षांखालील गटात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात.

२. स्पर्धांची उतरंड समजून घ्या

शिवाजी विद्यापीठाच्या पद्धतीत प्रथम विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते. सांगली विभागातील महाविद्यालये आपसांत खेळतात, सातारा विभागातील आपसांत. त्यानंतर विभागांतील अव्वल संघ आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात. या स्पर्धांतील खेळ पाहून आणि निवड चाचणी घेऊन विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्याचे सराव शिबिर होते आणि मग तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. ही स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या विद्यापीठांच्या संघटनेच्या देखरेखीखाली होते आणि तिच्यात महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याची विद्यापीठे उतरतात. तेथील वरचे चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात, आणि तिथल्या वरच्या क्रमांकांच्या संघांना खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेचे दार उघडते. ती स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला प्रथम झाली आणि बास्केटबॉल पहिल्यापासून तिच्यात आहे. याशिवाय राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव असतो आणि त्यातही बास्केटबॉलचे सामने होतात.

येथे एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. विभागीय स्पर्धा बहुधा एक किंवा दोन दिवसांत आटोपते आणि ती बाद पद्धतीची असेल तर तुमचे सगळे वर्ष एका सामन्यावर, म्हणजे चाळीस मिनिटांवर, अवलंबून असते. मुलींच्या गटात संघ कमी येतात, त्यामुळे तुम्हाला एकच सामना खेळून थेट उपान्त्य किंवा अंतिम फेरी गाठता येते; पण निवड समितीच्या नजरेत भरण्याची संधीही तेवढीच आखडते. ‘पुढच्या सामन्यात दाखवू’ असे म्हणण्याची सोय या खेळाडूला नसते.

३. जुलै संपायच्या आत कागद पूर्ण करा

प्रवेश निश्चित झाला की त्याच आठवड्यात शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. खेळाडूंच्या बोलण्यात ते नुसते ‘जिमखान्याचे सर’ असतात. फलकावर सूचना लागेल याची वाट पाहू नका, कारण सूचना लागेपर्यंत पात्रता अर्ज पाठवण्याची मुदत अनेकदा दोन दिवसांवर आलेली असते.

लागणारी कागदपत्रे अशी, आणि प्रत्येकाच्या किमान चार छायाप्रती काढून ठेवा:

- दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा म्हणून)
- बारावीची आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका
- चालू वर्षाची प्रवेशाची पावती आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र
- बोनाफाईड प्रमाणपत्र
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, शक्यतो एकाच वेळी काढलेली
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, कारण प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता खात्यावर जमा होतो
- दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी खेळाडू पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा नियमित विद्यार्थी असावा लागतो आणि त्याला वयाची अट असते. सर्वसाधारणपणे १७ ते २५ हा वयोगट धरून चाला आणि त्या वर्षीच्या परिपत्रकातील तारखेशी आपली जन्मतारीख ताडून पाहा. दूरशिक्षणाने शिकणारे विद्यार्थी यात बसत नाहीत. एका शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही.

सर्वाधिक नुकसान करणारा सापळा जन्मतारखेचा आहे. माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या संघातील सर्वांत उंच मुलीच्या आधार कार्डावर १ जानेवारी आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर १४ ऑगस्ट अशी तारीख होती. आमच्या भागात अशी उदाहरणे घरोघरी सापडतील, पण तपासणीच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्यांना त्याच्याशी कर्तव्य नसते. तिचा अर्ज बाजूला ठेवला गेला आणि ती संपूर्ण स्पर्धा पाण्याच्या बाटल्या भरत बाकावर बसून राहिली. आमच्या महाविद्यालयात हा अर्ज पाठवण्यापूर्वी कोणीही दोन कागद शेजारी ठेवून पाहिले नव्हते, आम्हीही नाही. नावाचेही तसेच: गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढे चालते, पण वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे असेल, तर ते मे-जूनमध्येच दुरुस्त करून घ्या.

४. साहित्य: बुटात काटकसर नको, बाकी सगळ्यात चालेल

मुलींचा चेंडू ६ क्रमांकाचा आणि मुलांचा ७ क्रमांकाचा असतो. सरावाला मुलांचाच चेंडू मिळतो म्हणून मुली तोच वापरतात आणि स्पर्धेत हलका, लहान चेंडू हाती आला की पहिले पाच शॉट रिंगवरून पलीकडे जातात. चौघींनी मिळून ६ क्रमांकाचा एक चेंडू विकत घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. सिमेंटच्या मैदानासाठी रबराचा किंवा बाहेर खेळण्यासाठीच बनवलेला कंपोझिट चेंडू घ्या. चामडी चेंडू सिमेंटवर महिन्याभरात गुळगुळीत होतो.

बूट बास्केटबॉलचेच हवेत. धावण्याच्या बुटाचा तळवा उंच आणि मऊ असतो, त्यामुळे बाजूला झटकन वळताना घोटा त्यावरून कलंडतो. आमच्याकडील मैदाने बहुतेक सिमेंटची, म्हणून तळव्याचे रबर जाड आणि खाचा खोल असलेली जोडी टिकते. परंतु आंतरविद्यापीठ स्पर्धा लाकडी मैदानावर असली, तर हीच जोडी धुळीमुळे घसरते. पहिल्यांदा लाकडी मैदानावर उतरले तेव्हा वॉर्म-अपमध्येच मी दोनदा पाय पसरून बसले. मग पलीकडच्या संघातील मुली काय करतात ते पाहिले: बाकाजवळ एक ओला पंचा अंथरलेला, आणि मैदानात जाताना प्रत्येक जण त्यावर दोन्ही तळवे घासून पुढे जात होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक जुना पंचा कायम असतो.

गुडघ्याचे पॅड, दोन जोड जाड मोजे, चिकटपट्टीचा रोल, कात्री, शिटी, दोरीउडीची दोरी आणि पाण्याची स्वतःची बाटली एवढे पुरे. महागड्या बाह्या आणि मनगटपट्ट्यांची गरज नाही.

५. पावसाळ्याचा हिशेब धरून सराव आखा

सातारा-सांगलीच्या खेळाडूपुढची खरी अडचण येथे आहे. साताऱ्यात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत उघडे मैदान ओले राहते, कडेच्या भागावर हिरवट शेवाळ धरते आणि त्यावर धावणे धोक्याचे असते. विभागीय स्पर्धा मात्र पाऊस ओसरताच, कधी कधी ओसरण्याच्या आधीच, येऊन ठेपतात. त्यामुळे मैदान कोरडे झाल्यावर सराव सुरू करू, असे ठरवणारा संघ दहा दिवसांच्या तयारीवर उतरतो आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याचे पाय जड होतात.

पावसाळ्यातील अडीच महिने मैदानाविनाच वापरावे लागतात. महाविद्यालयाचा एखादा व्हरांडा, बंदिस्त सभागृह किंवा गच्चीवरचा पत्र्याचा मांडव मिळाला तरी डाव्या हाताचे ड्रिबल, भिंतीवर छातीतून पास, बचावाच्या पवित्र्यात खाली बसून बाजूला सरकणे, हे सारे तेथे होते. मैदानाची रुंदी १५ मीटर असते. तेवढे अंतर मोजून खुणा करा आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला सतरा वेळा धावा. हे २५५ मीटर होतात, पण सोळा वेळा वळावे लागते आणि ते वळणेच बास्केटबॉलसाठी पाय तयार करते. सुरुवातीला सव्वा मिनिट लागेल. मुलींनी सत्तर सेकंदांच्या आत आणि मुलांनी साठच्या आसपास येण्याचा प्रयत्न करावा.

साताऱ्यातील मुलांना रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर धावत जाण्याची सवय असते आणि त्यांच्या चिकाटीचा मला मनापासून आदर आहे. परंतु बास्केटबॉलच्या दृष्टीने रोज लांब अंतर एका लयीत धावणे उपयोगाचे नाही, कारण या खेळात पाच-सात सेकंदांची धाव, थांबा, उडी आणि पुन्हा धाव असा क्रम असतो. किल्ला आठवड्यातून दोनदा करा, चढ जोरात घ्या आणि उतार चालत उतरा. धावत उतरताना गुडघ्यांवर जो भार येतो, तो हंगामात कुठे तरी वसूल होतोच.

मैदान कोरडे झाले की सरावाच्या शेवटी, दम लागलेला असतानाच, दहा फ्री थ्रो घ्या. रेषा बोर्डापासून ४.६० मीटरवर आणि रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. ही अंतरे एकदा टेपने मोजून पाहा, कारण काही जुन्या मैदानांवर रंग देताना रेषा सरकलेल्या असतात आणि रिंग वाकलेली असते. दहापैकी सात पडले नाहीत तर पुन्हा दहा. विभागीय स्पर्धेतील कितीतरी सामने दोन-तीन गुणांनी सुटतात आणि त्यात वाया गेलेले फ्री थ्रो मोजले, तर हरलेल्या संघाला रात्री झोप येत नाही.

खाण्याबद्दल थोडेच सांगते. खाणावळीच्या ताटात भात जास्त आणि प्रथिने कमी असतात. त्याला उकडलेली अंडी किंवा मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे-गूळ आणि दूध यांची जोड द्या. मुलींनी हंगामाच्या आधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दम लवकर लागण्याचे कारण अनेकदा आळसात नव्हे, रक्तात असते.

६. मोबाईलवर पाहिलेले नियम मैदानात आणू नका

नवोदितांचा खेळ हल्ली मोबाईलवर घडतो आणि त्यात गैर काही नाही, पण अमेरिकेतील सामने वेगळ्या नियमांनी चालतात. तेथील पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यात २० मिनिटांचे दोन भाग आणि ३० सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारण्याची मुदत मोजणारे घड्याळ, असते. एनबीए या तेथील व्यावसायिक लीगमध्ये १२ मिनिटांचे चार क्वार्टर, सहाव्या फाऊलवर खेळाडू बाहेर आणि तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटरवर. आपल्याकडे फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे नियम चालतात: १० मिनिटांचे चार क्वार्टर, २४ सेकंदांत शॉट, ८ सेकंदांत चेंडू पुढच्या अर्ध्या भागात, पाचव्या फाऊलवर बाहेर, आणि तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पुढच्या प्रत्येक बचावात्मक फाऊलवर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणून बाकावरील एकीने संघाच्या फाऊलांची संख्या मोठ्याने सांगत राहावे.

विभागीय स्पर्धेत शॉट क्लॉकचा फलक समोर दिसेलच असे नाही. पंचांच्या हातवाऱ्यांवर लक्ष ठेवा आणि मनातल्या मनात मोजण्याची सवय लावा.

७. निवड चाचणीत काय पाहिले जाते

चाचणीला साठ-सत्तर जण आलेले असतात आणि संघात बाराच घ्यायचे असतात. प्रत्येक जण चेंडू हाती आला की स्वतःच शॉट मारतो, त्यामुळे निवड समितीला पहिल्या अर्ध्या तासात सगळे सारखेच दिसू लागतात. अशा वेळी जो धावत बचावाला परततो, रिबाऊंडसाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर अडवतो, मोठ्याने बोलतो आणि मोकळ्या खेळाडूला पास देतो, त्याच्या नावापुढे खूण होते. माझी पहिली निवड गुणांमुळे झाली नव्हती. चाचणीच्या सामन्यात मी एकूण चार गुण केले होते, पण समोरच्या सर्वोत्तम गार्डला मी तिच्या उजव्या हाताने खेळू दिले नव्हते. हे निवड समितीतील एका सरांनी नंतर मला सांगितले.

आपली जागा प्रामाणिकपणे ओळखा. शाळेत उंच म्हणून सेंटर खेळलेली पाच फूट सहा इंचांची मुलगी विद्यापीठ पातळीवर बहुधा फॉरवर्ड किंवा गार्ड ठरते, तेव्हा ड्रिबल आणि बाहेरचा शॉट या दोन गोष्टी तिने पहिल्या वर्षापासूनच शिकायला घ्याव्यात.

सांगलीहून कोल्हापूर जवळ आहे, पण साताऱ्याहून चाचणीला जाणाऱ्यांनी पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवू नये. महामार्गावर वाहतूक अडली की साडेतीन तास सहज जातात. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जा.

८. घोटा, गुडघा आणि औषधे

घोटा मुरगळला की लगेच चोळू नका आणि ‘चालून मोकळा होईल’ असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा, दाबपट्टी बांधा, पाय उंच ठेवा, आणि पायावर चार पावलेही भार टाकता येत नसेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. मी तिसऱ्या वर्षी शिबिरात हे केले नाही. सूज लपवण्यासाठी मोज्यावर मोजा चढवून दोन दिवस धावले, आणि दोन आठवड्यांची दुखापत तीन महिन्यांची झाली.

मुलींमध्ये गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळते आणि ती बहुधा धक्का न लागता, उडीवरून उतरताना होते. उतरताना गुडघे आत वळू नयेत, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न होता उतरावे, हे आरशासमोर शिका. आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे पुरतात.

सर्दी-खोकल्याचे औषध किंवा जिममध्ये मिळालेली पावडर घेण्यापूर्वी तिच्यातील घटक तपासा. नाडा ही उत्तेजक प्रतिबंधक संस्था आहे आणि तिच्या ॲपवर औषधाचे नाव टाकून ते निषिद्ध आहे की नाही ते पाहता येते. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही.

९. हजेरी आणि परीक्षा

हंगाम आणि सत्र परीक्षा हमखास एकमेकांवर येतात. शिबिराचे पत्र हाती पडताच त्याची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, विभागप्रमुखांना भेटा आणि अर्जावर आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेले परीक्षा विभागात पोहोचत नाही. प्रात्यक्षिके बुडाली तर तारीख बदलून मागा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात सहअभ्यासक्रम विषयांत क्रीडेचाही समावेश आहे, त्यामुळे तुमच्या सहभागाचे श्रेयांक मिळतात का, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

१०. प्रमाणपत्रे आणि पुढची वाट

भारतात बास्केटबॉल हा व्यवसाय म्हणून फार थोड्यांना साधतो. २०१५ साली सतनाम सिंग याला डॅलस मॅव्हेरिक्स या संघाने एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडले, ही मोठी घटना होती, पण ती एकाच खेळाडूची. आपल्या बहुसंख्य चांगल्या खेळाडूंचा चरितार्थ रेल्वे, सैन्यदल, पोलीस, बँका आणि प्राप्तिकर खात्यातील क्रीडा भरतीवर चालतो. त्यासाठी विद्यापीठाच्या स्पर्धांबरोबरच जिल्हा संघटनेमार्फत राज्य अजिंक्यपद स्पर्धेतही खेळत राहावे लागते.

महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीची कामगिरी चालते हे दिले आहे. तो आणि त्यानंतरच्या सुधारणा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात होते आणि ती नोकरीचा अर्ज करण्याच्या आधी झालेली असावी लागते. जाहिरात आल्यावर धावपळ करणारे येथेच अडकतात.

शिकवण्याकडे ओढा असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. आणि पुढे एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणातील पदव्यांचा मार्ग आहे. बी.पी.एड.च्या सीईटीत मैदानी चाचणीही असते, तेव्हा खेळणे सोडून दोन वर्षांनी तिकडे वळण्यापेक्षा अंगात तयारी असतानाच ती द्या. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होण्यासाठी त्यापुढे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. प्रशिक्षक व्हायचे असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, आणि पंच परीक्षेचा पर्याय फारच कमी मुली विचारात घेतात, याचे मला वाईट वाटते.

शेवटची सूचना महाविद्यालय सोडण्याच्या वेळची आहे. केंद्र सरकारच्या क्रीडा भरतीत आंतरविद्यापीठ खेळाडूला फॉर्म ३ भरून द्यावा लागतो आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखांची सही लागते. स्पर्धेचे वर्ष, ठिकाण, मिळालेला क्रमांक आणि आपले नाव गुणपत्रिकेप्रमाणेच लिहिले आहे ना, हे त्यांच्या टेबलासमोर उभे राहून वाचा, चूक असेल तर तिथेच नवा फॉर्म मागा, आणि सही-शिक्का झालेल्या मूळ प्रतीला कधीही लॅमिनेशन करू नका, कारण पुढे त्यावर पडताळणीचा शिक्का मारावा लागला तर तो बसत नाही.